दुर्घटनेच्या मापाने बेतलेले कायदे

अमेरिकेतील पर्यावरणविषयक कायद्यांचा इतिहास सहसा दुर्घटना आणि कायदा अशा जोड्या लावून सांगितला जातो: नदी पेटली आणि पाण्याचा कायदा झाला, घरांखाली विषारी कचरा सापडला आणि तो साफ करण्याचा कायदा झाला, तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि तेलगळतीचा कायदा झाला. ही मांडणी खोटी नाही, पण तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. यांतील कित्येक दुर्घटना पहिल्यांदा घडत नव्हत्या. तशाच, कधी कधी त्यांहून मोठ्या, घटना आधी होऊन गेल्या होत्या आणि त्यांतून फारसे काही निष्पन्न झाले नव्हते. शिवाय ज्या दुर्घटनेतून कायदा जन्मला तिच्याच मापाने तो बेतला गेला, त्यामुळे पुढची दुर्घटना पुष्कळदा नेमकी त्या मापाबाहेर उरलेल्या जागी घडली.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरातून वाहत जाऊन ईरी सरोवराला मिळणारी कायाहोगा नदी हे यांतील पहिल्या गोष्टीचे ठळक उदाहरण होय. पोलादाचे कारखाने, तेलशुद्धीकरण आणि रंगांचे उद्योग यांनी सोडलेल्या तेलकट सांडपाण्याचा थर या नदीवर साचत असे आणि रुळांवरून किंवा जहाजांवरून पडलेली ठिणगी त्याला पेटवण्यास पुरेशी ठरे. 1868 पासून ती दहा-बारा वेळा तरी पेटल्याची नोंद आहे. 1912 च्या आगीत पाच माणसे दगावली आणि 1952 च्या आगीत तेरा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले. त्यांच्या मानाने 22 जून 1969 ची आग किरकोळ होती, कारण ती अर्ध्या तासाच्या आत विझली आणि दोन रेल्वेपुलांचे मिळून सुमारे 50,000 डॉलरचे नुकसान झाले. ती इतक्या लवकर विझली की तिचे छायाचित्रही कोणाला मिळाले नाही, आणि ‘टाइम’ साप्ताहिकाने ऑगस्टमध्ये या विषयावर मजकूर छापला तेव्हा सोबत 1952 च्या आगीचे जुने छायाचित्र वापरले. देशाच्या स्मरणात राहिलेले ‘1969 चे चित्र’ मुळात सतरा वर्षे आधीचे आहे. जिला माणसांचे बळी घेऊनही कोणी विचारले नाही ती नदी अर्ध्या तासाच्या आगीने राष्ट्रीय प्रश्न बनली, याचे कारण आगीत शोधून सापडणार नाही. मधल्या काळात पाहणाऱ्यांची नजर बदलली होती. शहराचे महापौर कार्ल स्टोक्स हे मोठ्या अमेरिकी शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर होते. त्यांनी आगीच्या दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना नदीकाठी फिरवले आणि वस्त्यांच्या आरोग्याचा व शहराच्या अधिकारांच्या मर्यादेचा प्रश्न मांडला. क्लीव्हलंडच्या मतदारांनी तर त्याआधीच, 1968 मध्ये, नदीच्या सफाईसाठी दहा कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले होते.

या बदलाआधीची कायदेशीर स्थिती अशी होती की प्रदूषणाविरुद्ध नागरिकाच्या हाती असलेले मुख्य साधन म्हणजे इंग्लंडकडून आलेले ‘उपद्रवा’चे जुने तत्त्व. शेजाऱ्याने आपल्या मालमत्तेचा वापर असा करू नये की दुसऱ्याला आपल्या मालमत्तेचा उपभोग घेणे अशक्य व्हावे, एवढेच ते सांगते. एक चामड्याचा कारखाना आणि एक शेजारी अशा भांडणाला ते पुरेसे होते; परंतु शंभर धुराड्यांखाली राहणाऱ्या माणसाने आपला खोकला कोणत्या धुराड्यामुळे आला हे कसे सिद्ध करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. सिद्ध झाले तरी न्यायालय हिशेब मांडत बसे. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या धुळीविरुद्ध शेजाऱ्यांनी केलेला दावा 1970 मध्ये निकाली निघाला तेव्हा उपद्रव होतो हे न्यायालयाने मान्य केले, पण साडेचार कोटी डॉलरची गुंतवणूक आणि तीनशेहून अधिक नोकऱ्या पाहून कारखाना बंद करण्याऐवजी 1,85,000 डॉलरच्या कायमस्वरूपी भरपाईवर प्रकरण मिटवण्याची वाट काढली. थोडक्यात, ठरावीक किंमत मोजून धूळ उडवत राहण्याचा हक्क कारखान्याला विकत मिळाला. संघराज्याच्या पातळीवर 1899 चा नद्या व बंदरे कायदा होता आणि त्यात परवान्याशिवाय नौकानयनयोग्य पाण्यात कचरा टाकण्यास मनाई होती, इतकेच नव्हे तर गुन्ह्याची माहिती देणाऱ्याला दंडाची निम्मी रक्कम देण्याचीही सोय होती. पण त्याचा रोख जहाजांच्या वाटेत अडथळा येऊ नये यावर होता, आणि रस्त्यांवरून व गटारांतून द्रवरूपात वाहत येणारी घाण त्यातून स्पष्टपणे वगळलेली होती.

हवेच्या बाबतीत हा असहायपणा पेन्सिल्व्हेनियातील डोनोरा या गावाने फार तीव्रतेने भोगला. मनोंगहीला नदीच्या नालाकृती वळणात, उंच टेकड्यांच्या मध्ये वसलेल्या सुमारे 14,000 वस्तीच्या या गावात यू. एस. स्टील या कंपनीच्या उपकंपनीचे पोलादी तारांचे आणि जस्ताचे कारखाने होते. ऑक्टोबर 1948 च्या अखेरच्या आठवड्यात तेथे ‘तापमानाची विपरीतता’ निर्माण झाली. एरवी जमिनीलगतची उबदार हवा वर जाते आणि धूर बरोबर घेऊन जाते. विपरीततेत खालची हवा थंड व जड राहते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, त्यामुळे धूर दरीतच कोंडतो. जस्ताच्या भट्ट्यांतून येणारे गंधकाचे वायू, फ्लोराइडयुक्त वायू आणि धातूंचे कण असे पाच दिवस साचत राहिले. गावकऱ्यांना धुराची सवय होती, म्हणून शनिवारचा शाळेचा फुटबॉल सामनाही, चेंडू धड दिसत नसताना, खेळला गेला. त्याच सुमारास माणसे दगावू लागली होती. रविवारी सकाळी कंपनीने जस्ताच्या भट्ट्या मंद केल्या, त्याच दिवशी पाऊस आला आणि हवा मोकळी झाली; तोवर 20 जण मरण पावले होते आणि सुमारे 5,900 जण, म्हणजे गावातील दर दहांपैकी चार माणसे, आजारी पडली होती.

कंपनीने हवामानाच्या विचित्र योगाकडे बोट दाखवून ही देवाची करणी असल्याचे सांगितले. या बचावात धूर्तपणा आहे तसा एक खरा अंशही आहे, कारण विपरीतता खरोखरच हवामानाने घडवलेली होती. पण दरी तीच, कारखाने तेच आणि अशी विपरीतता हिवाळ्याच्या तोंडाला येतच असताना ती अनपेक्षित मानणे कठीण होते. संघराज्याच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सखोल पाहणी केली, तथापि त्या पाच दिवसांतील हवेचे नमुने कोणीच घेतलेले नसल्यामुळे 1949 च्या अहवालाला कोणत्याही एका वायूवर दोष ठेवता आला नाही. पीडितांचे दावे 1951 मध्ये सुमारे 2,35,000 डॉलरवर, कंपनीने दोष मान्य न करताच, मिटवले गेले. डोनोरातून लगेच कायदा निघाला नाही. तो निघायला सात वर्षे लागली, आणि 1955 चा तो पहिला हवा प्रदूषण कायदाही संशोधनाला पैसे देण्यापलीकडे गेला नाही. नियंत्रण हे राज्यांचे काम आहे, अशीच वॉशिंग्टनची भूमिका राहिली, आणि राज्ये कारखाने शेजारच्या राज्यात जातील या भीतीने हातावर हात ठेवून बसली.

दरम्यान लॉस एंजेलिसमध्ये वेगळ्याच प्रकारचे धुरके 1943 पासून डोळ्यांना झोंबत होते. तेथे कोळशाच्या भट्ट्या फारशा नव्हत्या, त्यामुळे संशय आधी एका कारखान्यावर, मग तेलशुद्धीकरण केंद्रांवर गेला. कॅल्टेक या संस्थेतील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले की मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि हेच ते धुरके. प्रदूषक हा कोणी दुसरा नसून मोटार चालवणारा प्रत्येक जण आहे, हा निष्कर्ष राजकीयदृष्ट्या अवघड होता. कॅलिफोर्नियाने देशात सर्वांआधी मोटारींवर नियम घातले, आणि 1967 च्या संघराज्य कायद्याने इतर राज्यांना तशी मुभा नाकारताना कॅलिफोर्नियाला मात्र अपवाद केले. हा अपवाद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

पाहणाऱ्यांची नजर बदलण्यात आणखी दोन गोष्टींचा वाटा होता. राचेल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या 1962 च्या पुस्तकाने डीडीटीसारखी कीटकनाशके अन्नसाखळीत साठत जातात हे सामान्य वाचकापर्यंत नेले होते. 28 जानेवारी 1969 रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळच्या समुद्रात युनियन ऑइल कंपनीची विहीर फुटली. विहिरीच्या भिंतींना आधार देणारी पोलादी नळी नियमापेक्षा कमी खोलीपर्यंत बसवण्याची सूट कंपनीला सरकारी भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेनेच दिली होती, त्यामुळे तेल विहिरीच्या तोंडातून न येता समुद्रतळाच्या भेगांतून वर आले आणि सुमारे 80,000 ते एक लाख पिंपे तेल किनाऱ्याकडे पसरले. तेलाने माखलेले पक्षी रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दिसत होते, आणि हे किनारे श्रीमंतांचे होते, हेही विसरून चालणार नाही. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांना हे दृश्य पाहूनच देशव्यापी कार्यक्रमाची कल्पना सुचली आणि 22 एप्रिल 1970 च्या पहिल्या वसुंधरा दिनात सुमारे दोन कोटी लोक सहभागी झाले.

त्या वर्षाच्या दोन टोकांना दोन कायदे उभे आहेत. 1 जानेवारी 1970 रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही केली. पर्यावरणावर लक्षणीय परिणाम करणारे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी संघराज्याच्या यंत्रणेने त्या परिणामांचे निवेदन लिहून पर्यायांसह लोकांसमोर ठेवावे, ही त्यातील अट आज जगभर पसरली आहे. भारताची 1994 ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना याच कुळातील आहे. हा कायदा विचार करायला लावतो, पण विचारांती चुकीचा निर्णय घेण्यास मनाई करत नाही. 31 डिसेंबरला सही झालेला स्वच्छ हवा कायदा मात्र वेगळ्या धाटणीचा होता. सिनेटने तो 73 विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता, ही गोष्ट आजच्या अमेरिकेकडे पाहता दंतकथेसारखी वाटते. मेनचे सिनेटर एडमंड मस्की यांनी घडवलेल्या या कायद्याने प्रश्नच उलटा केला: कोणाच्या धुराने कोण आजारी पडले हे सिद्ध करत बसण्याऐवजी, लोकांच्या आरोग्याला पुरेशी सुरक्षिततेची मोकळीक ठेवून हवेत कोणता घटक किती असावा हे आधी ठरवावे, ते ठरवताना खर्चाचा विचार करू नये, आणि मग प्रत्येक राज्याने तिथपर्यंत पोहोचण्याची योजना द्यावी. मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड 1975 पर्यंत 90 टक्क्यांनी कमी करण्याचा आदेशही त्यात होता, आणि तो देताना तसे करणारे यंत्र बाजारात उपलब्ध नव्हते. मोटार कंपन्यांनी मुदतवाढी मिळवल्या, तरी 1975 च्या गाड्यांपासून धुरातील वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पेट्रोलमधील शिसे त्या यंत्राला निकामी करत असल्याने शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, आणि मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण जे 1970 च्या दशकाच्या अखेरीस सरासरी दर डेसिलिटरला 15 मायक्रोग्रॅमच्या आसपास होते ते पुढील दशकांत एक मायक्रोग्रॅमखाली आले. एका यंत्राच्या रक्षणाचा असा लाभ मुलांच्या मेंदूंना व्हावा, हे या इतिहासातील सुखद अपघातांपैकी एक होय.

2 डिसेंबर 1970 पासून पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, कामाला लागली. विल्यम रकेल्सहाउस हे तिचे पहिले प्रमुख, आणि 1972 मध्ये डीडीटीवर बंदी घालणारेही तेच. संस्था एक झाली, पण तिच्या हाती आलेले कायदे एकेका माध्यमाचे होते: हवेचा वेगळा, पाण्याचा वेगळा, पुढे जमिनीवरच्या कचऱ्याचा वेगळा. निसर्गात प्रदूषक माध्यम बदलत राहतो, आणि खरी गोम तेथेच होती.

हवेच्या कायद्याने जमिनीलगतच्या हवेची मर्यादा ठरवली, तेव्हा कोळशावरील वीजकेंद्रांनी धुराडी उंच करून ती पाळली. गावाची हवा सुधारली. गंधक मात्र उंचावरच्या वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाऊन ईशान्येकडील राज्यांत आणि कॅनडात आम्लपर्जन्य बनून तलावांत पडू लागले. या तळ्यांतले मासे मरण्यामागे ओहायो खोऱ्यातील धुराडी आहेत हे मान्य होऊन 1990 ची सुधारणा येईपर्यंत वीस वर्षे गेली. त्या सुधारणेने गंधक डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन 1980 च्या तुलनेत एक कोटी टनांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले आणि उत्सर्जनाचे खरेदी-विक्रीयोग्य परवाने वाटले, म्हणजे ज्याला कमी खर्चात कपात जमते त्याने ती जास्त करावी आणि उरलेला परवाना विकावा. धुराड्यांवर राख अडवणारी गाळणयंत्रे आली, पण अडवलेली राख कोठे तरी ठेवणे भागच होते. ती पाण्यात कालवून मातीच्या बांधांमागे साठवण्यात आली, कारण 1976 च्या कचरा कायद्याच्या धोकादायक कचऱ्याच्या तरतुदींतून कोळशाची राख 1980 मध्ये काँग्रेसनेच तूर्त वगळली होती आणि हे ‘तूर्त’ दशकानुदशके लांबले. 22 डिसेंबर 2008 रोजी मध्यरात्रीनंतर टेनेसीतील किंग्स्टन येथे असा एक बांध फुटला, एक अब्जाहून अधिक गॅलन राखेचा गाळ सुमारे 300 एकरांवर आणि एमरी नदीत पसरला, आणि ते वीजकेंद्र कोणा लोभी खासगी मालकाचे नसून संघराज्याच्याच टेनेसी व्हॅली अथॉरिटीचे होते. राखेसाठीचे पहिले राष्ट्रीय नियम 2015 मध्ये आले.

गाळाचा बांध फुटणे अमेरिकेला नवे नव्हते. 26 फेब्रुवारी 1972 रोजी वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक दरीत खाणीच्या गाळाचा असाच बांध फुटून 125 माणसे वाहून गेली होती. चार दिवस आधी सरकारी निरीक्षकाने तो समाधानकारक ठरवला होता, आणि फुटल्यावर कंपनीने डोनोराचेच उत्तर दिले: देवाची करणी.

पाण्याच्या कायद्याची गोष्ट याच सूत्राने जाते. 1972 चा स्वच्छ पाणी कायदा खर्चिक आहे म्हणून निक्सन यांनी 17 ऑक्टोबरला नकाराधिकार वापरला आणि दुसऱ्याच दिवशी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने तो मोडून काढला. नळीतून, गटारातून किंवा चरातून पाण्यात काहीही सोडायचे तर परवाना हवा, आणि परवान्यात त्या उद्योगाला उपलब्ध तंत्रज्ञानाने शक्य असलेली मर्यादा असेल, हा त्याचा कणा. सोबत नगरपालिकांच्या सांडपाणी केंद्रांच्या खर्चाचा 75 टक्के वाटा संघराज्याने उचलला. कायाहोगासारख्या नद्यांवर याचा परिणाम दिसला आणि तेथे मासे परतले. पण शेतावरून पावसाबरोबर वाहत येणारी खते आणि शेण हे कोणत्याही नळीतून येत नसल्याने त्यांना परवान्याची गरज नव्हती, आणि शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्या सिनेटरांना ती लावण्याची इच्छाही नव्हती. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला शेतांतून आलेल्या फॉस्फरसवर निळ्या-हिरव्या शेवाळाची विषारी वाढ झाली आणि टोलेडो शहर व परिसरातील चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिण्यास बंदी करावी लागली, कारण ते विष उकळून जात नाही. ज्या सरोवराला कायाहोगा मिळते तेच हे सरोवर.

घरांखाली कचरा सापडला त्या लव्ह कॅनॉलच्या प्रकरणाकडे अधिक सविस्तर पाहायला हवे, कारण तेथे दोष कोणाचा हे वाटते तितके सोपे नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने 1890 च्या दशकात जलविद्युतीसाठी कालवा खोदायला घेतला आणि पैसे संपल्यावर सोडून दिला. 1942 ते 1953 या काळात हूकर केमिकल या कंपनीने त्या अर्धवट खड्ड्यात सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला आणि वर चिकणमातीचा थर दिला. त्या काळच्या कोणत्याही कायद्याचा त्यात भंग झालेला नव्हता. शाळेसाठी जागा शोधणाऱ्या शहराच्या शिक्षण मंडळाने ती जमीन मागितली आणि कंपनीने 1953 मध्ये ती एका डॉलरला विकली, मात्र खरेदीखतात येथे रसायने पुरली आहेत आणि त्यांपासून होणाऱ्या इजेला कंपनी जबाबदार नाही असे लिहून घेतले. मंडळाने तरीही शाळा बांधली, उरलेली जमीन घरांसाठी गेली, सांडपाण्याच्या नळांसाठी आणि रस्त्यासाठी केलेल्या खोदकामांनी मातीचे झाकण फुटले, आणि 1970 च्या दशकातील ओल्या हिवाळ्यांनंतर तळघरांच्या भिंतींतून काळा द्राव पाझरू लागला. ऑगस्ट 1978 मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर करून गर्भवती स्त्रिया व दोन वर्षांखालील मुलांना घरे सोडण्याचा सल्ला दिला, आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी संघराज्याची आणीबाणी जाहीर केली. ती नैसर्गिक आपत्तीसाठी नसलेली अशी पहिलीच आणीबाणी मानली जाते.

परंतु कालव्याला लागून असलेल्या 239 कुटुंबांनाच हलवण्यात आले, पलीकडच्या रस्त्यावरच्यांना नाही. विष कुंपणापाशी थांबते असे मानणाऱ्या या निर्णयाविरुद्ध लोइस गिब्ज या तरुण गृहिणीने शेजाऱ्यांची संघटना उभारली, घरोघर फिरून आजारांच्या नोंदी केल्या आणि मे 1980 मध्ये तर रहिवाशांनी ईपीएच्या दोन अधिकाऱ्यांना काही तास कोंडून ठेवले. दोन दिवसांत कार्टर यांनी दुसरी आणीबाणी जाहीर केली आणि शेकडो कुटुंबांचा बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा झाला. रहिवाशांच्या गुणसूत्रांत दोष आढळल्याचा जो अभ्यास त्या आठवड्यात गाजला तो शास्त्रीयदृष्ट्या कच्चा होता, कारण तुलनेसाठी दुसरा गटच घेतलेला नव्हता. लोकांची भीती खरी होती, रसायने खरी होती, आणि त्या दोहोंना जोडणारा पुरावा मात्र डोनोराप्रमाणेच अपुरा होता. फरक असा की या वेळी पुराव्याची वाट न पाहता राज्यसंस्था हलली.

डिसेंबर 1980 मध्ये झालेल्या कायद्याला लोक ‘सुपरफंड’ म्हणतात, कारण रसायन व तेल उद्योगांवरील करातून कचऱ्याच्या बेवारस जागा साफ करण्याचा निधी त्याने उभारला. त्याहून महत्त्वाची होती जबाबदारीची व्याख्या. कचरा निर्माण करणारा, वाहून नेणारा, जागेचा आजचा मालक आणि टाकण्याच्या वेळचा मालक यांपैकी कोणाकडूनही सफाईचा सगळा खर्च वसूल करता येतो, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, आणि कृत्य घडले तेव्हा ते कायदेशीर होते हा बचाव चालत नाही. हूकरने खरेदीखतात लिहून घेतलेले वाक्य या व्याख्येपुढे टिकले नाही. हूकरची मालक झालेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने 1990 च्या दशकात राज्य आणि संघराज्य यांना मिळून 22 कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. या कठोरपणाची दुसरी बाजूही आहे: जुन्या कारखान्याची जागा विकत घेणारा आपोआप तिच्या विषाचा वारस ठरू लागल्याने शहरांच्या मध्यातील कितीतरी जमिनी ओस पडल्या, आणि 2002 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. उद्योगांवरील कर 1995 च्या अखेरीस संपू दिला गेला आणि पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे सफाईचा भार करदात्यांकडे सरकला. खनिज तेल तर मुळातच या कायद्यातून वगळलेले होते.

यानंतरच्या कायद्याचे मूळ अमेरिकेत नव्हते. 2–3 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळ येथे युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. तेच रसायन कंपनी वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावीही बनवत होती, आणि तेथे असे होणे शक्य नाही अशी ग्वाही दिली जात असतानाच ऑगस्ट 1985 मध्ये त्याच कारखान्यातून दुसरे विषारी रसायन सुटून शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. भारतात 1986 मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम झाला. अमेरिकेत त्याच वर्षी आपत्कालीन नियोजन आणि जनतेच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. त्याने एकाही वायूवर मर्यादा घातली नाही, फक्त प्रत्येक कारखान्याने कोणती विषे किती साठवली आणि किती सोडली हे दर वर्षी जाहीर करावे असे सांगितले. आकडे प्रसिद्ध होताच काही कंपन्यांच्या वरिष्ठांनाच आपल्या कारखान्यांतून काय जाते ते पहिल्यांदा कळले. मोन्सॅन्टो या रसायन कंपनीने 1988 मध्ये विषारी वायूंचे उत्सर्जन 90 टक्क्यांनी घटवण्याची घोषणा केली. भोपाळच्या बळींना न्याय देण्यात दोन्ही देशांच्या न्यायालयांनी जी कुचराई केली ती पाहता, त्यांच्या मरणाचा हा उपयोग परक्या गावांना व्हावा यात एक कडवटपणा आहे.

24 मार्च 1989 रोजी एक्सॉन वाल्डीझ हे जहाज अलास्कातील खडकावर चढले आणि सुमारे 1.1 कोटी गॅलन तेल सांडले. 1990 च्या तेल प्रदूषण कायद्याने तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचे केले, आणि जहाजांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी यशस्वी ठरला. समुद्रातील विहिरींसाठी मात्र त्याने नुकसानभरपाईची मर्यादा 7.5 कोटी डॉलर ठेवली, कारण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जहाज होते. 20 एप्रिल 2010 रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर हॉरायझन या तेलफलाटाचा स्फोट होऊन 11 कामगार मेले आणि विहीर 87 दिवस वाहत राहिली. बीपी या तेलकंपनीच्या या विहिरीला पर्यावरण परिणामांच्या तपशीलवार निवेदनातून सूट मिळालेली होती, आणि कंपनीच्या आखातासाठीच्या आपत्ती-आराखड्यात, जेथे वॉलरस कधीच आढळत नाहीत तेथे, वॉलरसांच्या संरक्षणाचा उल्लेख होता. दुसऱ्या कुठल्या आराखड्यातून उतरवून काढलेला तो कागद मंजूरही झाला होता. भरपाईच्या मर्यादेचा आधार कंपनीने घेतला नाही, तो घेणे राजकीयदृष्ट्या अशक्यच होते, आणि 2016 मध्ये सरकारांशी झालेली तडजोड 20 अब्ज डॉलरच्या वर गेली.

1990 ची हवेची सुधारणा प्रतिनिधिगृहात 401 विरुद्ध 25 मतांनी संमत झाली होती; त्यानंतर काँग्रेसने हवेचा एकही मोठा नियामक कायदा केलेला नाही. त्यामुळे जुन्या शब्दांत नवे प्रश्न बसवण्याचे काम न्यायालयांकडे गेले. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कार्बन डायऑक्साइड हाही 1970 च्या कायद्याच्या अर्थाने प्रदूषक असल्याचे ठरवले. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने त्याच कायद्याखाली वीजकेंद्रांना कोळशापासून दूर नेण्याचा व्यापक अधिकार ईपीएला नाकारला, आणि 2023 मध्ये पाण्याच्या कायद्यातून बऱ्याच पाणथळ जमिनी बाहेर काढल्या. कायदा संदिग्ध असेल तर तज्ज्ञ संस्थेचा वाजवी अर्थ मानावा, हे 1984 चे तत्त्व 2024 मध्ये रद्द झाले. ते तत्त्व मुळात ॲन गोर्सच प्रमुख असताना ईपीएने हवेच्या कायद्याचा उद्योगांना सोयीचा अर्थ लावला त्यावरच्या खटल्यातून आले होते. ते रद्द करणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचे पुत्र नील गोर्सच होते.

राज्यांकडे उरलेले सर्वांत बळकट हत्यार म्हणजे लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे कॅलिफोर्नियाला मिळालेला तो 1967 चा अपवाद. इतर राज्यांना स्वतःचे मोटार नियम करता येत नाहीत, पण 1977 पासून कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे स्वीकारता येतात, आणि डझनाहून अधिक राज्यांनी ते स्वीकारले आहेत. याच अपवादाखाली कॅलिफोर्नियाने 2035 पर्यंत केवळ पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री बंद करण्याचा नियम केला, ईपीएने डिसेंबर 2024 मध्ये त्याला मान्यता दिली, आणि जून 2025 मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सही करून ती मान्यता रद्द केली. कॅलिफोर्निया आणि इतर दहा राज्यांनी त्याच दिवशी न्यायालयात दावा दाखल केला.